काळीला एक गाठ

लग्नाला दहा दिवस झाले असतील. आमचे हे बाजारातून किलोभर टोमॅटो घेऊन आले. पिशवी ओतली तर निम्मे पिकलेले, निम्मे हिरवेगार. नवी नवरी असले तरी जीभ माझीच, ती काय थांबणार? म्हटलं, अहो, डोळे घरी ठेवून गेला होतात का? हे हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. एक टोमॅटो उचलून बोटानं दाबला आणि म्हणाले की मी नेहमी दाबूनच घेतो, आज गर्दीत दाबायला वेळ मिळाला नाही.

दाबून तर सगळेच घेतात, त्यात काय मोठं, असं मला वाटलं. जेवण झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. लाल आणि हिरवा त्यांना वेगळा दिसत नाही, दोन्ही मातकटच. लाल जरा गडद असला की तो काळाच. पिवळा कळतो आणि निळा मात्र लख्ख दिसतो. जन्मापासून असंच. आईला माहीत होतं, ती गेली. आता मला माहीत झालं. तिसऱ्या कोणाला कळता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, कारण हे वायरमन.

ज्यांना या धंद्यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही तेव्हा कळत नव्हतं. घरातल्या दिव्याला तीन वायरी लागतात. एक करंट घेऊन येते, ती फेज. एक परत नेते, ती न्यूट्रल. आणि कुठे गळती झालीच तर करंट जमिनीत सोडायला तिसरी, ती अर्थ. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. पण कामावर ही नावं कोणी घेत नाही. शिडीवर उभ्या माणसाला लांबलचक बोलायला फुरसत नसते. "लाल दे", "काळी खेच", "हिरवी सोड", असाच कारभार. फक्त आमचे हे म्हणायचे, फेज दे, न्यूट्रल खेच. कोणी विचारलं, अरे, म्हणजे लाल ना? तर हे सांगायचे, रंग काय विचारतोस, काम विचार. लोकांना वाटलं, माणूस शिकलेला आहे, पुस्तकातलं बोलतो. नाव पडलं प्रोफेसर. शाळा नववीत सुटलेली, आणि म्हणे प्रोफेसर! आम्ही दोघं घरी हसायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायची कशी, तेही त्यांनीच शोधून काढलं होतं. चालू लाइनीत फेज कुठली हे टेस्टर सांगतो, टोक लावलं की त्याच्या मुठीतला बारका दिवा पेटतो. पण नव्या इमारतीत करंटच नसतो, तिथे टेस्टर काय करणार? म्हणून गाठी. फेजला गाठ नाही, न्यूट्रलला एक, अर्थला दोन. बंडलाचं टोक गाठ मारून पाइपात घालायचं, पलीकडे खेचून घ्यायचं, आणि अलीकडे कापताना कापलेल्या दोन्ही टोकांना तीच गाठ मारायची. मग डोळे मिटूनही चालतं. प्रश्न एकच, पहिली गाठ कोणी मारायची? ती मारायला रंग दिसावा लागतो.

ती मी मारायचे. सव्वीस वर्षं मारली. साइटवरून माल चोरीला जातो म्हणून यांनी ठेकेदाराला सांगून टाकलं होतं की माल मी माझ्या घरी ठेवतो. ठेकेदाराला वाटलं, काय इमानदार माणूस आहे. आमच्या पलंगाखाली कपड्यांऐवजी वायरींची बंडलं. सकाळी चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत मी बंडलांच्या टोकांना गाठी मारून मोकळी व्हायचे.

असं करता करता मला त्यांची सगळी भाषा यायला लागली. शेजारीण येऊन म्हणाली की दिवा जातो-येतो, तर मी दारातूनच विचारणार, सगळ्या घरातला की एकाच खोलीतला? एकाच खोलीतला असेल तर कुठेतरी लूज आहे. बोर्डावरचं बटण आपोआप पडतंय? म्हणजे ट्रिप होतंय. इस्त्री लावली की पडतं? मग लोड जास्त झालाय, दुसरं काही नाही. इस्त्री न लावताही पडतंय, मग मात्र शॉर्ट आहे, हात लावू नका, यांना येऊ दे. माझा सल्ला घ्यायला बायका यायच्या. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू. मला कोणी प्रोफेसरीण म्हणत नव्हतं, एवढीच काय ती खंत.

यांचा जोडीदार लंबू. उंच म्हणून लंबू, स्वभावानं अगदी लहान मूल. अठरा वर्षं दोघं एकत्र. हे खोल्यांमधलं काम करायचे, लंबूभाऊजी मजल्याच्या मुख्य बोर्डावर वायरी जोडायचे. बोर्डाशी आल्यावर गाठी आड येतात म्हणून ते त्या कापून टाकायचे आणि आपल्या डोळ्यांनी रंग बघून जोडायचे. त्यांना वाटायचं, गाठ ही प्रोफेसरची एक खोड आहे. काम बरोबर निघायचं, कारण माझी गाठ आणि त्यांचा रंग एकच गोष्ट सांगायचे.

मग रंगच बदलले.

ठेकेदारानं सगळ्यांना जिन्याखाली जमवून सांगितलं की आता नवा नियम आलाय. पूर्वी तीन फेज असले की लाल, पिवळी, निळी, आणि न्यूट्रल काळी. आता फेज म्हणजे ब्राउन, काळी, करडी. न्यूट्रल निळी. अर्थ हिरवी-पिवळी पट्ट्यांची. प्रत्येकाला एक तक्ता दिला, पाच रंगांच्या पट्ट्या आणि पुढे नावं. यांनी तो घडी करून आणला आणि माझ्यापुढे धरला. मी फडताळ आवरत होते, डोकं आधीच तापलेलं. हे म्हणाले, "अगं, बघून घे नीट. न्यूट्रल आता..." मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हटलं, सव्वीस वर्षं गाठी मारतेय, मला रंग शिकवू नका. तक्ता मी डब्यांखाली अंथरला. कागद चांगला जाड होता.

सोमवारी तीन बंडलं होती. काळं, निळं आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचं. मी मनाशी म्हटलं, यात बदललं काय? काळी म्हणजे न्यूट्रल, एक गाठ. हिरवी दिसतेय ती अर्थ, दोन गाठी. निळी म्हणजे फेज, तिला काही नको. दोन मिनिटांत काम उरकलं.

एका वसतिगृहाची तीन मजली इमारत होती, त्यातला दुसरा मजला, म्हणजे तीन फेजांतली दुसरी, काळी. यांनी गाठी बघून खोल्या केल्या. निळी फेज समजून बटणातून नेली, काळी न्यूट्रल समजून थेट होल्डरला दिली. तिकडे लंबूभाऊजींनी बोर्डावर नव्या नियमानं जोडलं, काळीत फेज सोडला आणि निळी न्यूट्रलला. गुरुवारी करंट आला. दिवे लागले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवा लागला म्हणजे काम बरोबर असं समजेल तो वायरमन नव्हे, हे आमचे हेच सांगायचे. एरवी हे प्रत्येक होल्डरला, बटण बंद करून, टेस्टर लावून बघायचे आणि मगच दुसऱ्याला हात लावू द्यायचे. त्या दिवशी ठेकेदारानं त्यांना खाली बोलावलं होतं. वर टोकाच्या खोलीतला एक दिवा लागत नव्हता. भाऊजींनी बटण बंद केलं, शिडीवर चढले आणि होल्डरमध्ये बोट घातलं.

बटण फेजवर असतं तर बंद केल्यावर करंट तिथेच थांबला असता. इथे बटण न्यूट्रलवर बसलं होतं. दिवा लागलेला असता तर विझला असता, पण होल्डरमध्ये फेज तसाच उभा होता.

हे चार वाजता घरी आले आणि उंबऱ्यावर बसले. म्हणाले, लंबू पडला. मनगट दोन ठिकाणी मोडलं, बोटं भाजली, शिडीवरून फेकला गेला म्हणून जीव वाचला. मी आपली शहाणी, विचारते कशी, बटण बंद होतं ना, मग होल्डरमध्ये फेज आला कुठून? हे म्हणाले, बटण न्यूट्रलवर बसलं. कोणी बसवलं? मी. गाठ नाही बघितली? त्यावर हे उठून हात धुवायला गेले.

मी डबे बाजूला केले आणि तक्ता ओढून काढला. निळी पट्टी, पुढे न्यूट्रल. काळी पट्टी, पुढे फेज. मी तिथेच फडताळापाशी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं सगळ्यांदेखत विचारलं, एकोणतीस वर्षं काम केलेल्या माणसाला काळी आणि निळी दिसू नये? डोळे फुटले होते का? यांनी सांगितलं, लक्ष नव्हतं. कोणीतरी मागून म्हणालं की घेऊन आला असेल. तेही यांनी ऐकून घेतलं. ज्या माणसानं आयुष्यात बाटलीला हात लावला नाही, त्यानं.

मी घरी डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, खरं सांगून टाका. हे म्हणाले, रंग दिसत नाहीत म्हटलं की उद्यापासून कोण वायरीला हात लावू देईल? दुसरं काय येतं मला? म्हटलं, मग माझं नाव सांगा, गाठ मी मारली. तर म्हणाले, आणि तू का मारतेस असं विचारलं तर? कुठूनही गेलं तरी त्याच भिंतीशी येत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

लंबूभाऊजींना बघायला मी एकटी गेले. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मनगट पूर्वीसारखं वळणार नाही. ज्याला दिवसभर पेचकस फिरवायचा, त्याला मनगट वळणार नाही म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या बायकोनं चहा दिला. भाऊजीच मला धीर द्यायला लागले. म्हणाले, "वहिनी, लोक काही बोलतात, तुम्ही मनावर घेऊ नका. प्रोफेसरच्या हातून अशी चूक होणार नाही. मी अठरा वर्षं बघतोय. काहीतरी दुसरंच झालं असणार."

मी चहा पीत राहिले. चहा संपला तरी कप तोंडाला लावून बसले होते. जीभ, जिनं आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाही, ती त्या दिवशी हलली नाही.

ठेकेदार तसा दुष्ट माणूस नव्हता. त्यानं यांना काढलं नाही. म्हणाला, वायरिंगला तुला लावता येणार नाही, पण तुझ्याइतका माल सांभाळणारा माणूस माझ्याकडे दुसरा नाही. साइटवर पत्र्याची खोली बांधून स्टोअर केलं आणि यांना तिथल्या खिडकीशी बसवलं. लोक येणार, रंग सांगणार, यांनी मागे वळून फळीवरून बंडल काढून द्यायचं. दिवसभर तेच. आगीतून निघालो ते थेट फुफाट्यात. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर तासभर आधी गेले आणि फळ्यांवरच्या सगळ्या बंडलांना रंगागणिक वेगळ्या गाठींच्या चिंध्या बांधल्या. डबा द्यायला म्हणून दुपारी पुन्हा गेले. तर सकाळी नवा माल आलेला, फळ्या भरलेल्या, माझ्या चिंध्या मागे दडपलेल्या. पाकिटावर वायरीची जाडी छापलेली असते, रंग नसतो. कशाला छापतील, रंग तर दिसतोच! यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी आत एका खोक्यावर बसले. म्हटलं, जेवण होईपर्यंत तरी थांबावं.

एकजण आला, निळी दे म्हणाला. यांनी वळून झटक्यात निळं बंडल काढलं आणि खिडकीत ठेवलं. तो गेल्यावर माझ्याकडे बघितलं, एखादं पोर पाढा न चुकता म्हटल्यावर बघतं तसं. मग आले लंबूभाऊजी. हात गळ्यात अडकवलेला. घरी बसवत नाही म्हणून हजेरी लावायला यायला लागले होते, जमेल ते हलकं काम करायचे. खिडकीत वाकून म्हणाले, प्रोफेसर, ब्राउन दे रे.

हे फळीशी गेले आणि उभे राहिले. हात एका बंडलावर ठेवला, उचलला, दुसऱ्यावर ठेवला. दोन्ही हिरवी-पिवळी. मी न राहवून दबक्या आवाजात म्हटलं, खालची फळी, डावीकडे. खालच्या फळीवर डावीकडे दोन बंडलं होती. यांनी काळं उचललं आणि खिडकीत ठेवलं.

भाऊजींनी बंडलाकडे बघितलं, मग यांच्याकडे, मग आत माझ्याकडे. बाहेर कोणीतरी पाइप कापत होतं.

"किती वर्षं?" भाऊजींनी विचारलं.

"पहिल्यापासून," हे म्हणाले.

"मला सांगितलं असतंस तर मी बघितलं असतं ना रे. अठरा वर्षं शेजारी उभा होतो. माझे डोळे काय मी भाड्यानं दिले होते?"

ते चिडले असते, ओरडले असते तर मला सोसलं असतं. ते रडकुंडीला आले होते. मी खोक्यावरून उठले आणि खिडकीशी जाऊन एका दमात सांगून टाकलं की भाऊजी, यांची चूक नाही, त्या काळीला गाठ मी मारली होती.

"कसली गाठ?" भाऊजी म्हणाले.

त्यांना माहीतच नव्हतं. अठरा वर्षं ते ज्या गाठी कापून खाली टाकत होते, त्या काय सांगतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. बिनगाठीची फेज, एक गाठ न्यूट्रल, दोन गाठी अर्थ, आणि डब्यांखालचा तक्ता. मी सांगत होते आणि ते आपल्या प्लास्टरकडे बघत होते. शेवटी म्हणाले की मी कोणाला सांगणार नाही, पण वहिनी, मनगट बरं झालं तरी प्रोफेसरच्या वायरीखाली आता मी शिडी लावणार नाही. आणि ब्राउनचं बंडल स्वतःच आत हात घालून, डाव्या हातानं ओढून घेऊन गेले.

यांनी खिडकी बंद केली, किल्ली घेतली आणि सरळ ठेकेदाराच्या खोलीत गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. दहा मिनिटांत बाहेर आले तेव्हा हातात किल्ली नव्हती. डबा तसाच भरलेला घरी आणला.

त्याला आता दोन महिने झाले. पलंगाखाली जागाच जागा आहे. सकाळी चहाचं आधण ठेवते आणि ते उकळेपर्यंत काय करायचं हे मला सुचत नाही. शेजारणी अजून विचारायला येतात, मी सांगते की दुसऱ्या कोणालातरी विचारा, मला त्यातलं काही कळत नाही.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून खात होती. परवा हे खिडकीशी बसले होते, तेव्हा विचारलंच. म्हटलं, न्यूट्रल आता निळी, हे ठेकेदारानं तुम्हाला तोंडानं सांगितलं होतं. निळा तर तुम्हाला दिसतो. आयुष्यात पहिल्यांदा अशी वायर आली होती की जिला माझ्या गाठीची गरजच नव्हती. मग निळी हातात असताना थांबला का नाहीत?

"थांबलो होतो," हे म्हणाले. "निळीच दिसत होती. पाच मिनिटं हातात धरून उभा होतो."

"मग?"

"मग म्हटलं, माझे डोळे काय, ते चुकणारच. गाठ तू मारली होतीस."

चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी सहज म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.